वकीलसाहेबांची चौदा पत्रं

निवृत्त माणूस भर दुपारी दार लोटून बसायला लागला की बायकोला शंका येणारच. त्यात मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. कुठलं पोर खरोखर लिहितंय आणि कुठलं वहीआड काहीतरी लपवतंय, हे मला वर्गाच्या दारातूनच कळायचं. आमचे हे आता वहीआड लपवणाऱ्यांत जमा झाले होते.

ह्यांचं नाव शशिधर नष्टे. टपाल खात्यात सदतीस वर्षं नोकरी केली आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीत आमचं छोटं घर आहे. निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं ह्यांनी परसातली पपई, शेजाऱ्यांचे बँकेचे फॉर्म आणि माझ्या आमटीतलं मीठ यांत घालवली. मग आमची मुलगी सुष्मिता पुण्याहून येताना तिचा जुना लॅपटॉप घेऊन आली आणि सगळं बदललं. हे बारा वाजता जेवून उठले की पुढच्या खोलीत जायचे, ते चारच्या चहालाच बाहेर. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले की झाकण खाली.

"काय बघताय?"

"काय न्हाय. काम हाय."

"कसलं काम?"

"हाय एक."

ऑफिसात कोणी कोणाच्या डब्यातलं काय खाल्लं हेसुद्धा घरी येऊन सांगणारा हा माणूस. तो "हाय एक" म्हणाल्यावर मी गप्प बसणार नव्हते. हे दाढी-कटिंगला गेले तेव्हा मी गादीखालची वही काढली. पानंच्या पानं इंग्रजीत भरलेली. मला इंग्रजी वाचून कळतं, बोलता तेवढं येत नाही. पहिलीच ओळ 'माझ्या प्रिय' अशी सुरू होत होती आणि शेवटी लिहिलं होतं, 'आपला अत्यंत आज्ञाधारक आणि नम्र सेवक'. मधल्या एका पानावर मार्गारेट असं नाव आणि पुढं ईमेलचा पत्ता. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला 'प्रिय' असं एकदाच लिहिलं, तेही मी बाळंतपणाला माहेरी गेलते तेव्हा, आणि आज्ञाधारक तर कधीच नव्हते.

मी सुष्मिताला फोन केला. "तुझ्या बाबांना कुणीतरी नादाला लावलंय. रोज पेपरात येतं बघ, परदेशी बाई, आधी गोड बोलणार आणि मग खातं रिकामं."

ती हसली. "आई, सरळ विचार की त्यांना."

विचारलं. वही समोर ठेवून विचारलं. हे आधी चिडले, मग ओशाळले आणि शेवटी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. पडद्यावर एक पिवळट कागद होता, त्यावर मुंग्यांची रांग विस्कटावी तसं अक्षर.

प्रकार असा होता. अमेरिकेतल्या एका ग्रंथालयानं जुन्या हस्तलिखित पत्रांचे फोटो इंटरनेटवर टाकले होते. ती वाचून टाइप करून द्यायला जगभरातले लोक घरबसल्या मदत करत होते, फुकट. मार्गारेट म्हणजे तिथल्या बाई, हे काम बघणाऱ्या. सुष्मितानंच बाबांना हे दाखवलं होतं आणि फोनवर मला पत्ता लागू दिला नव्हता.

"मग लपवायचं काय होतं त्यात?"

"तू हसली असतीस. म्हणली असतीस, नोकरी सुटली तरी टपाल सुटंना."

म्हणाले असते, हे खरं. पण ह्या कामासाठी ह्यांच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता. ज्या पत्त्यापुढं सगळं ऑफिस हात टेकायचं ते पत्र ह्यांच्या टेबलावर यायचं. एकदा एक कार्ड आलं, त्यावर नुसतं 'कोल्हापूर, स्टेशनच्या अंगाला, तोतरा बोलणारा टेलर' एवढंच, आणि तेही पाण्यानं फुटलेल्या अक्षरात. ह्यांनी शाहूपुरीत तीन गल्ल्या फिरून त्या टेलरच्या हातात ते कार्ड दिलं. अक्षरावरून माणूस घाईत होता की आजारी होता, लिहिताना मांडीवर लिहिलंय की टेबलावर, हेसुद्धा ते सांगायचे.

त्या दिवसापासून दार उघडं राहायला लागलं आणि चहाबरोबर मला एलायस थॉर्नबीची गोष्ट ऐकावी लागली.

अमेरिका नुकती इंग्रजांपासून सुटली होती तेव्हाचा हा माणूस. नवं राष्ट्र, त्याला युरोपात कोणी ओळखत नाही. मग त्यांनी एकेका दरबारात आपली माणसं पाठवली. "आपल्याकडं छत्रपतींचा वकील दुसऱ्या दरबारात राहायचा की न्हाय? तसला वकील," हे म्हणाले, आणि तेव्हापासून थॉर्नबीचे आमच्या घरात वकीलसाहेब झाले. तिशीतला हा गडी आधी दुसऱ्या एका वकिलाचा चिटणीस म्हणून पोर्तुगालात लिस्बनला गेला. तो मोठा वकील वर्षभरात मायदेशी परतला आणि जाताना सगळा कारभार ह्याच्या गळ्यात टाकला. दरबारात ह्याला खुर्ची नाही. राणीची भेट मागितली तर 'पुढच्या महिन्यात', असे दोन पावसाळे गेले. जवळचा दुभाष्या इंग्रजांना बातम्या पुरवतोय असा ह्याला संशय आणि दुभाष्याच अमेरिकेला लिहून कळवतोय की थॉर्नबी इंग्रजांच्या मेजवान्यांना जातो.

"आणि तिकडं काँग्रेसला संशय, की हा पत्रंच लिहीत न्हाय," हे म्हणाले.

"तिकडंपण काँग्रेसच?"

"अगं, त्यांची काँग्रेस म्हणजे सभा. दोन वर्षांत त्यांना एक पत्र मिळालं. एक! मग त्यांनी विचारलं, तुम्ही आमचे वकील हाय का इंग्रजांचे? त्यावर ह्यानं काय लिहिलंय बघ." चष्मा कपाळावर चढवून, एका एका ओळीचं मराठी करत त्यांनी मला वाचून दाखवलं. थॉर्नबी म्हणत होता, मी चौदा पत्रं लिहिली. काही जहाजांबरोबर बुडाली असतील, काही इंग्रजांनी पकडली असतील, आणि लिस्बनच्या टपालात तर माझं प्रत्येक पाकीट मेण वितळवून उघडलं जातं. माझ्याजवळच्या नकला मी सोबत पाठवतो आहे. त्या काळी महत्त्वाचं पत्र दोन-तीन प्रतींत, वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायची पद्धत होती म्हणे. त्या चौदा नकला ग्रंथालयात होत्या आणि त्या वाचायचं काम ह्यांनी मागून घेतलं होतं.

"टपालात गहाळ झालं, तर लिहिणाऱ्याचा काय दोष?" हे टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "माणूस तिकडं एकटा मरतोय आणि हे घरात बसून त्याला फितूर म्हणत्यात!"

कप हिंदकळला. अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी कोणी एवढं तापत नाही. ते वकीलसाहेबांसाठी तापले नव्हते, हे मला कळत होतं. आम्हा दोघांच्या मनात एकच गाव होतं, आंबेखोल, आणि ते नाव आमच्या घरात अठ्ठावीस वर्षं कोणी काढत नव्हतं.

आंबेखोल हे चंदगड तालुक्यातलं डोंगरातलं गाव. शहाण्णव साली हे तिथल्या छोट्या पोस्टात मास्तर होते. मी सुष्मिताला घेऊन इकडं सासूबाईंजवळ. ओढ्यापलीकडच्या वाडीत वर्षाराणी गावडे नावाची बावीस वर्षांची मुलगी राहायची. तिनं नर्सच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. मुलाखतीचं पत्र रजिस्टर पोस्टानं आलं, पण तिला मिळालं नाही. मुलाखत होऊन गेल्यावर ती चौकशीला कोल्हापूरला गेली, तेव्हा तिथं तिला तिचंच पाकीट दाखवलं, परत आलेलं. त्यावर शेरा होता, 'गैरहजर. घरच्यांस सूचना दिली.' शेरा ह्यांच्या हातचा.

मुलीनं तक्रार केली. इन्स्पेक्टर आले, वह्या तपासल्या. पत्रं वाटणारा बाळासो म्हणाला, मी वाडीत जाऊन घरी सांगून आलो. मुलीचा थोरला भाऊ सयाजी म्हणाला, कोणी आलं नाही. वहीतही तोच शेरा होता, त्यामुळं वही खरी ठरली. पण गावानं निराळाच निकाल दिला. सयाजीला बहिणीचं लग्न उरकायचं होतं, तिनं शहरात जाऊ नये म्हणून त्यानं मास्तरला फोडलं आणि पत्र परत पाठवायला लावलं. मास्तरच्या घरी दोन कोंबडी पोचली, असंही लोक म्हणत होते. आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही! पण लोकांना कोंबडी उडताना दिसली. 'नष्टेकडं गेलं ते नष्ट झालं' अशी म्हणच तिथं पडली. दोन महिन्यांत ह्यांची बदली झाली आणि म्हण ह्यांच्या आधी कोल्हापुरात पोचली. माझ्या सख्ख्या आक्कानं माझ्या भाचीच्या बारशात चार बायकांत विचारलं, "खरं काय गं, काही घेतलं होतं काय शशिधरनं?" मी त्या दिवशी न जेवता उठले आणि आक्काशी माझं पुन्हा पहिल्यासारखं कधी झालं नाही.

कारण मी ह्यांना विचारलं होतं आणि ह्यांनी देवघरात उभं राहून, गळ्यातलं लिंग हातात धरून सांगितलं होतं, "मी सयाजीकडनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला न्हाय." मला तेवढं पुरलं.

सप्टेंबरमध्ये एका सोमवारी हे चहाला बाहेर आलेच नाहीत. मी आत गेले, तर लॅपटॉप उघडा, वही मिटलेली आणि हे खिडकीकडं बघत बसलेले. मंगळवारीही तेच. बुधवारी मी खुर्ची ओढून समोर बसले.

"काय झालंय? मार्गारेटबाई काही बोलल्या?"

"ती चौदा पत्रं," हे म्हणाले, "एका बैठकीत लिहिलेली हायेत."

मला कळेना. ह्यांनी पडद्यावर एकेक कागद लावून दाखवला. पहिलं पत्र जानेवारीचं, अक्षर ताठ, ओळी सरळ. चौथ्या-पाचव्यात ओळी उजवीकडं खाली उतरायला लागल्या होत्या. नववं पत्र म्हणे पुढच्या वर्षीच्या मार्चचं, आणि त्यात पिसाच्या लेखणीचं टोक फाटून प्रत्येक उभ्या रेघेला दुसरी बारीक रेघ येत होती. ती फाट दहाव्यात होती, अकराव्यात होती, बाराव्याच्या मध्यावर लेखणी तासलेली. चौदाव्यात हात इतका थकला होता की सही जेमतेम झालेली.

"माणूस पत्राच्या सुरुवातीला ताजा असतो आणि शेवटी दमतो," हे म्हणाले. "हा चौदा पत्रांत मिळून एकदाच दमलाय. मधी एकदापण ताजा झाला न्हाय. दोन वर्षांची पत्रं म्हणतोय आणि एका दिवसाचा थकवा."

"नक्कल करायला बसला असंल एका दिवशी. मूळ पत्रं आधीची असतील."

"मलापण तेच वाटलं. तेच वाटावं म्हणून दोन दिवस बसलो." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. फेब्रुवारीच्या पत्रात थॉर्नबीनं एका सरदाराचा उल्लेख 'मंत्रीसाहेब' असा केला होता. पण तो सरदार मंत्री झाला त्याच वर्षीच्या मे महिन्यात, हे दुसऱ्या एका वकिलाच्या पत्रावरून पक्कं होतं. मूळ पत्रं नव्हतीच. संशय आला म्हटल्यावर बसून रचलेली होती.

"म्हणजे काँग्रेसवाल्यांचं खरं होतं."

"अर्धंच! फितूर नव्हता तो. त्याच्या कागदांत कुठंच इंग्रजांशी लागेबांधे दिसत न्हाईत. आळशी म्हण, घाबरट म्हण. राणी भेटंना, सांगायला काय न्हाय, मग काय लिहायचं? म्हणून लिहिलं न्हाय. आणि मग..."

"मग खोट्या तारखा टाकल्या."

ह्यांनी लॅपटॉपचं झाकण खाली केलं. मी बत्तीस वर्षं मुलांच्या तोंडाकडं बघितलेली बाई. वहीआड काही लपवणारं तोंड मला ओळखू येतं. मी विचारलं, "अहो, आंबेखोलच्या त्या पाकिटावर तुम्ही शेरा लिहिलात, तेव्हा बाळासो वाडीत जाऊन आला होता ना?"

हे रागावले किंवा कोंडीत सापडले की कानडीत जातात. "साकु, विद्या," म्हणाले. पुरे कर.

"गेला होता की न्हवता?"

ह्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग ह्यांनी सांगितलं. ओढ्यावरचा लाकडी साकव वाहून गेला होता, वाडीत जायला वाट नव्हती. बाळासोला आधीच एक मेमो मिळालेला, पत्र वाटलं नाही म्हणून. दुसरा मिळाला असता तर त्याला काढून टाकलं असतं. तो पाया पडला. म्हणाला, मास्तर, तेवढं 'सूचना दिली' म्हणून लिवा, पाणी उतरलं की मी पळत जाऊन सांगून येतो. ह्यांनी लिहिलं. तारीख टाकली साकव जायच्या आदल्या दिवसाची. पाणी नऊ दिवस उतरलं नाही. सातव्या दिवशी नियमाप्रमाणं पत्र परत जायचं होतं. इतर टपालाबरोबर ह्यांनीच पिशवीत घातलं, ध्यानातसुद्धा आलं नाही.

"इन्स्पेक्टरला का न्हाई सांगितलं?"

"बाळासोची नोकरी गेली असती. मग वाटलं, माझी जाईल. आणि लोक कोंबडीचं बोलायला लागले, तेव्हा तर मला चीडच आली. मी कोंबडी खाल्ली न्हवती, विद्या. ते खोटं होतं. त्या खोट्यावर मी एवढा भांडलो, एवढा भांडलो, की माझं मलापण वाटायला लागलं, आपण काहीच केलं न्हाय."

मी उठून परसात गेले. देवघरातली ती शपथ खरी होती, हेच मला सगळ्यात जास्त झोंबत होतं. पाण्याचा घोट घेतला नाही, बरोबर आहे. शेऱ्याचं मी विचारलंच नव्हतं. आणि तेवढ्या जोरावर मी माझ्या बहिणीला तोडलं.

चार दिवस मी कामापुरतं बोलले. ह्यांनी त्यात मार्गारेटबाईंना सविस्तर लिहिलं, चौदाही पत्रांतल्या खुणा, फाटलेली लेखणी, मंत्रीसाहेब, सगळं. उत्तर सभ्य पण सावध आलं. आपलं शिक्षण काय, हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून कुठं काम केलंय, हा निष्कर्ष कोणाच्या मार्गदर्शनाखाली काढला? ह्यांनी एका ओळीत कळवलं, सदतीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली. मी ते वाचलं आणि म्हणाले, "अमेरिकेला कळवलंत. आता चंदगडला कळवा."

"ती पोरगी आता कुठं असंल, काय असंल..."

"पोरगी न्हाई, पन्नाशीची बाई असंल. तुम्हाला टेलर सापडला होता तीन गल्ल्यांत."

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. आंबेखोलच्या फाट्यावर उतरून विचारलं, तर पहिल्याच माणसानं हात केला. वर्षाराणीला सगळे ओळखत होते. ती गावची आशाताई होती, बाळंतिणींना दवाखान्यात नेणारी, घरोघर गोळ्या वाटणारी. ओढ्यावर आता सिमेंटचा पूल होता. वाडीत एकच लांब कौलारू घर, मधोमध भिंत घालून दोन केलेलं, दोन दारं, दोन तुळशी. एका दारात ती काजूच्या बिया निवडत बसली होती. उंच, काटक, केस बरेच पिकलेले.

"कुठलं पावणं?" तिनं हात न थांबवता विचारलं. "विम्याचं असंल तर आधीच सांगते, मी घेत न्हाई."

"विम्याचं न्हाय," हे म्हणाले. "मी नष्टे. पोस्टात होतो हितं, शहाण्णवला."

बियांवरचा हात थांबला. तिनं ह्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग मला. "आता काय पायजे?"

ह्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. बसा असं कोणी म्हणालं नव्हतं. साकव, बाळासो, शेरा, मागची तारीख, नऊ दिवसांचं पाणी. काही गाळलं नाही. मी कान देऊन ऐकत होते, गाळतात का बघायला.

तिनं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे घरी कोण आलंच न्हवतं?"

"न्हाय."

"दादाला कुणी सांगितलंच न्हवतं?"

"न्हाय."

"मी अठ्ठावीस वर्सं त्याच्याशी बोलल्याली न्हाई." आवाज चढला नाही तिचा. "आई गेली तवा एका घरात रडलो दोघं, पण बोललो न्हाई. कोर्टात जाऊन ही भिंत घातली. त्यो वरडून सांगत होता, मला कोण सांगाय आलं न्हाई, आणि मी म्हणत होते, सरकारी पाकिटावर लिवलंय की. सरकार खोटं लिवंल होय?"

ह्यांनी हात जोडले. ती म्हणाली, "हात कशाला जोडताय? त्यानं काय हुतंय? लिवून द्या. आज तुमी हाय, उद्या म्हणशीला बोललोच न्हवतो."

ह्यांना वाईट वाटलं असावं, मला ते बरोबर वाटलं. तिनं आतून नोंदीच्या वहीतलं कोरं पान फाडून आणलं. ह्यांनी ओट्यावर बसून लिहिलं, तारीख टाकली, सही केली. तिनं दोनदा वाचलं. खाली मला साक्षीदार म्हणून सही करायला लावली. मग कागद ह्यांच्याच हातात परत दिला आणि शेजारच्या दाराकडं हनुवटीनं खूण केली. "आता त्येला वाचून दावा. मी हाय हितं."

सयाजी साठीचा, अंगानं खंगलेला माणूस. माडीखाली बाजेवर बसला होता. हे कोण आहेत ते कळल्यावर तो उठून उभा राहिला. ह्यांनी कागद वाचला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग डोळे बारीक करून म्हणाला, "किती दिवसांनी आठवण झाली म्हणायची. आणि आत्ताच का? वरच्या रानाच्या कागदावर माझी सही पायजे तिला, म्हणून घेऊन आली व्हय तुमाला? अगुदर वही दावून मला चोर केलासा, आता दुसरं कागूद दावून साव करताय. त्या टायमालापण तुमचं अक्षर असंच सुबक हुतं."

मी पुढं होऊन काही बोलणार, तेवढ्यात वर्षाराणी भिंतीला वळसा घालून अंगणात आली.

"सहीचं काय हितं?" ती त्याच्यावर ओरडली. "मास्तर काय सांगतोय ते ऐकून घे की आदी! त्यांनी चूक केली, मी त्यावर इस्वास ठेवला, तू सांगत हुतास ते मी ऐकलं न्हाई. एवढंच हाय. रानाचं ऱ्हाऊ दे रानापाशी!"

सयाजी खाली बसला, बाजेची दोरी चाचपत. मग त्यानं विचारलं, "चा करतीस का पावण्यास्नी? का मी करू?"

"माझ्याकडं दूध न्हाई," ती म्हणाली.

"माझ्याकडं हाय," तो म्हणाला.

चहा त्यानं केला, कप तिच्या घरातून आले. निघताना ह्यांनी तो कागद सयाजीकडं द्यायला हात पुढं केला, तर दोघं भावंडं एकदमच म्हणाली, "हिकडं द्या." शेवटी मी फाट्यावरच्या दुकानात जाऊन दोन झेरॉक्स काढून आणल्या. मूळ कागद तिनं ठेवला. सयाजीनं झेरॉक्स उन्हात धरून मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून बघितली.

त्यानंतर मी आक्काला फोन केला. तिला आता ऐकू कमी येतं, बारशातलं तिला काही आठवतही नव्हतं. मी तरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग मी बरोबरच विचारलं होतं की!" मी मान्य केलं.

नोव्हेंबरात मार्गारेटबाईंचं पत्र आलं. त्यांच्याकडच्या दोन अभ्यासकांनी मूळ कागद भिंगाखाली तपासले होते. लेखणीची फाट त्यांनाही दिसली, शाई एकच निघाली. थॉर्नबीच्या चौदाही पत्रांखाली आता 'दिनांक संशयास्पद' अशी टीप पडली आहे आणि ती लावून देणाऱ्यांत कोल्हापूरच्या एस. नष्टे यांचं नाव आहे. थॉर्नबी पुढं मायदेशी परतलाच नाही. त्याला परत बोलावणारा हुकूम घेऊन जहाज लिस्बनला लागलं, तेव्हा तो तापानं जाऊन तीन आठवडे झाले होते. ह्यांनी बाईंना उलट विनंती केली, टिपेत एक ओळ वाढवा, हा माणूस फितूर होता असा कुठलाही पुरावा नाही. बाईंनी कळवलं, टिपेत फक्त जे सिद्ध झालं तेच लिहितात. हे दोन दिवस फुरंगटून होते, मग पुन्हा कामाला लागले. आता दुसऱ्या कोणाची तरी पत्रं चालू आहेत. मी विचारलं नाही तरी काय वाचलं ते रोज सांगतात, अगदी नको इतकं. मी ऐकते, आणि मधूनच एखादा उलटा प्रश्न टाकते.

वर्षाराणीचा संक्रांतीला फोन आला होता. तिळगूळ घ्यायला दोन्ही घरांत जाणं-येणं झालं म्हणाली. मी विचारलं, "आणि रानाच्या सहीचं?"

"दादा म्हणतोय करतो," ती म्हणाली. "पण म्हणतोय, आदी आलेला मास्तर खरंच त्योच पोस्टातला हुता का, त्याची चवकशी करतो."